एडक्याची गाडी

५ जानेवारी, रविवार. सातारा

सकाळी सृष्टीचा फोन. मार्चमध्ये चेन्नईचं ट्रेनिंग संपतंय, खांद्यावर स्टार लागणार. माझी पोरगी लेफ्टनंट! मी उभा जन्म फौजेत घासून सुभेदार झालो, आणि आता घरातच ताठ उभं राहून सॅल्यूट ठोकायची वेळ आली. मंगलला हे सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ठोका की मग. माज्यासमोर तरी कवा ताठ हुबं ऱ्हायलाय?" या बाईला फौजेची शिस्त कधी कळणार नाही.

आमची वाडी आटपाडीच्या पुढं. सगळी धनगरांची घरं, आणि बहुतेक घरांत एखादा फौजी. ट्रेनिंग संपवून किंवा रिटायर होऊन फौजी आला की वेशीपासून बिरोबाच्या देवळापर्यंत त्याची मिरवणूक निघते. उघडी जीप, गजीढोल, भंडाऱ्याची उधळण. पोरीची मिरवणूक आजवर निघालेली नाही, कारण पोरगी कधी गेलीच नव्हती.

जीप काय, सगळेच आणतात. माझ्या पोरीला मी जुन्या अमेरिकन गाडीतून आणणार. लांबलचक, क्रोमची, रस्ताभर पसरून चालणारी. रंगरूट होतो तेव्हा आमच्या कमांडंटसाहेबांकडे तसली एक होती. मला ती रोज पुसायला मिळायची, चालवायला एकदाही नाही. पुढं हजारो पोरांना मी ट्रक शिकवले, आता साताऱ्यात ड्रायव्हिंग स्कूल काढलंय, पण ती पुसलेली गाडी डोक्यातून गेली नाही. घेतल्यावर लग्नाच्या वरातींनाही देता येईल, असं मंगलला सांगितलंय.

खरं कारण वेगळं आहे, ते इथंच लिहितो. सृष्टी ट्रेनिंगला निघाली त्या दिवशी आबा मेंढरांच्या वाघरीतून, जाळीच्या कुंपणातून, बाहेरच आले नाहीत. माझे वडील, पण हट्टाला पेटले की कुणाचं ऐकत नाहीत. आजोबा वेशीत आले नाहीत तर पोरीच्या मिरवणुकीला अर्थ काय? अशी गाडी आणायची, की म्हाताऱ्याला बघायला तरी बाहेर यावंच लागेल.

१२ जानेवारी. वाडी

वाडीत आलोय. आबा धाकट्या भावाकडे राहतात. डोक्याला तोच मोठा पिवळा पटका. आंघोळ आणि झोप सोडली तर तो उतरत नाही. मी मार्चचं सांगितलं. आबा मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. काढून झाल्यावर विचारलं, "पोरगी जेवती का तिकडं? दूध मिळतंय का?" म्हणजे पोरीचे हाल होतात, पाठवायला नको होती, असा टोमणा.

मग म्हणाले, "एडक्याची गाडी आण. त्याबिगर पोरीला वेशीतनं आत घिऊन यिऊ नगंस."

झालं! म्हणजे आधी गाडीत घालून एडका, चांगला नर मेंढा, आणून बिरोबाला द्यायचा, मगच पोरीला आत घ्यायचं. जसं काही तिनं पाप केलंय. मी रिटायर होऊन आलो तेव्हाही आबांनी हेच सांगितलं होतं. मी ऐकलंही. बाजारातून चांगला शिंगाळा एडका टेंपोत घालून आणला होता. आबांनी टेंपोत डोकावून बघितलं, "ह्यो न्हवं रं," म्हणाले आणि जेवायच्या पंगतीलाही बसले नाहीत. लहान वाटला असणार. या वेळी मोठा आणतो.

निघताना देव्हाऱ्याला हात जोडले. टाकांच्या शेजारी तो वाकडा लोखंडी तुकडा अजून आहे, भंडाऱ्यानं पिवळाधमक झालेला. चुलते मायाप्पा पासष्टच्या लढाईत होते. "मायाप्पाचं हाय, हात लावू नगंस," असं आबा लहानपणी दरडावायचे. तोफेच्या गोळ्याचा तुकडा असावा, चुलत्यांच्या अंगातून काढलेला. मायाप्पांना जाऊन जमाना झाला. आबा त्यांच्याबद्दल फार बोलत नाहीत.

१९ जानेवारी. सातारा

शिरवळला जाऊन पहिली गाडी बघून आलो. वीरधवल म्हणून एक तरुण आहे, लग्नांना गाड्या पुरवतो. त्याची शेवर्लेट सत्तावन सालची. रंग वर पांढरा आणि खाली आमरसासारखा. मागं दोन पंख, पुढं क्रोमचे एवढाले दात. मी तिच्याभोवती फिरलो, आणि खरं सांगतो, पुन्हा एकदा फिरलो.

स्टेअरिंग डावीकडे आहे. बोनेट उघड म्हटलं तर वीरधवल हसला. "काका, लग्नात कोण बोनेट उघडतंय?" मी उघडायला लावलंच. आत मॅटाडोर टेंपोचं डिझेल इंजिन! "मूळचं इंजिन लय पेट्रोल प्यायचं. आधीच्या मालकानं काढून टाकलं," म्हणाला. लपवाछपवी नाही, पोरगा सरळ आहे. पण मला जरा वाईट वाटलं.

मंगल माझ्या शेजारी बसली, आणि मी स्टेअरिंग धरलेलं असताना माझ्या डोक्यावर तळहात उभा ठेवून वर छताकडे बघायला लागली. वीरधवलसमोर! "हे काय चाललंय?" म्हटलं. "बगतीय," म्हणाली. कधीकधी वाटतं, हिला घरीच ठेवून यावं.

२६ जानेवारी. सांगली

सकाळी झेंडावंदन करून माधवनगरला आलो. कऱ्हाडचा माझा मेकॅनिक दोस्त सूरज बरोबर होता. त्यानंच ही दुसरी गाडी शोधली.

मालकीणबाई पद्मावतीबाई. त्यांच्या वडिलांची इथं गिरणी होती. पंचाहत्तरीच्या आहेत, पण नजर आमच्या परेडच्या हवालदाराची. चहाच्या आधी पहिला प्रश्न, "चालवणार, की सजवून उभी करणार?" मी म्हटलं, "चालवणं हाच माझा धंदा आहे, ताई." मग चहा आला.

गाडी डॉज, एकावन्न सालची. काळी, पण काळेपण आता नावापुरतं. उंच टपाची, जाडजूड, शेवर्लेटपुढं अगदी खेडवळ दिसते. स्टेअरिंग उजवीकडे, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यालाच. पुढची सीट सलग, तिघं आरामात बसतील. इंजिन मूळचं, सहा सिलिंडरचं, पण कित्येक वर्षांत चालू केलेलं नाही. सगळे दोष डोक्यात टिपून घेतले: रबरं वाळलीत, एक मागचा दिवा फुटलाय, सीटमधून काथ्या बाहेर आलाय, आणि बोनेटच्या टोकावर शिंगांचं एक मुंडकं आहे त्याचं एक शिंग मोडलंय. सूरजला हळूच सांगितलं, हे मुंडकं मुंबईहून नवं मागव.

पद्मावतीबाई बोलत होत्या. पासष्टच्या लढाईनंतर त्यांचे वडील ही गाडी मिरज स्टेशनवर पाठवायचे, म्हणे. सुट्टीवर आलेल्या जवानांना घरी सोडायला. कुठल्या कुठल्या दुष्काळी गावांत जायची, ओढ्यांतून, वाळूतून. मी तेवढ्यात टायर बघून घेतले. म्हाताऱ्या माणसांना एकदा आठवणी सुरू झाल्या की कामाचं राहून जातं. मंगल मात्र सगळं ऐकत बसली होती. येताना गाडीत एकदम गप्प होती, हे विशेष.

मत: शेवर्लेट.

२ फेब्रुवारी. सातारा

सृष्टीशी बोललो. शेवर्लेटचे फोटो पाठवले होते, डॉजचा एकच. वाटलं, पोरगी आमरसावर भाळेल. तर म्हणते, "बाबा, मिरवणूक चालीच्या वेगानं जाणार. वेशीपासून देवळापर्यंत पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, न तापता कोण जाईल, ते बघून घ्या."

मी तिला सायकल शिकवली, मोटार शिकवली, हाफ क्लच म्हणजे काय ते चढावर रडवून शिकवलं. आणि आता ती मला शिकवते! थोडा वेळ राग आला होता. मग दिवसभर जो भेटेल त्याला तेच सांगत सुटलो.

आबांचाही फोन आला होता, भावाच्या मोबाइलवरून, ओरडून. "गाडी घावली का रं?" म्हटलं, "हो, चांगला मोठा बघतोय, बाजारात सांगून ठेवलंय." मग, "तू लय शिकलास गड्या," म्हणाले आणि फोन भावाकडे दिला. काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक.

९ फेब्रुवारी. सातारा

शेवर्लेटची परीक्षा. शिरवळहून निघून खंबाटकीचा घाट चढवला. रस्त्यावर लोक मान वळवून बघत होते, एका ट्रकवाल्यानं तर उतरून फोटो काढला. माझी छाती फुगली होती. घाट चढली, पण इंजिन असं थरथरत होतं की मंगलच्या बांगड्या आपोआप वाजत होत्या. मग खाली सपाटीला पहिल्या गिअरमध्ये सरकवली. थोड्याच वेळात काटा तांबड्यात, बोनेटमधून वाफ. वीरधवल बाटलीतलं पाणी ओतत म्हणाला, "काका, वरातीत आपण मधे मधे बंद करतो. तेवढ्यात पोरं नाचून घेतात."

तरीही मी घेतली असती. खोटं कशाला लिहू? तिचा रंगच तसा आहे.

पण मंगलनं पिशवीतून आबांचा जुना पटका काढला. वाडीहून कधी आणला कुणास ठाऊक. भर रस्त्यात माझ्या डोक्याला गुंडाळला आणि म्हणाली, "आता बसा." बसलो तर पटका छताला दाबून पार भुवयांवर आला. पुढचं काही दिसेना. वीरधवल तोंड फिरवून हसत होता.

"ह्यात आबांचा पटका मावत न्हाई," मंगल म्हणाली.

"आबा येणारच नाहीत, मग पटक्याचं काय घेऊन बसलीस?"

"येत्याल."

"तुला कसं माहीत?"

"आवं, मानूस रोज इचारतंय गाडी घावली का, गाडी घावली का. ते न येणाऱ्या मानसाचं बोलनं हाय व्हय?"

ती मला न सांगता आबांशी रोज फोनवर बोलते, हे मला आज कळलं. पण आबा एडक्याबद्दल विचारतात, हिला वाटतं मोटारीबद्दल. या घोळात आता कोण पडणार?

१६ फेब्रुवारी. सांगली

आज डॉज सुरू झाली.

सूरजनं आठवडाभर खपून टाकी धुतली, कार्ब्युरेटर साफ केला, सहा व्होल्टची बॅटरी कुठून तरी पैदा केली. बटण दाबलं. नुसतं कण्हणं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा एकदम ढगासारखा धूर निघाला, आणि मग इंजिन लागलं ते असं, की चालू आहे का बघायला बोनेटवर हात ठेवावा लागला. पद्मावतीबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या.

रस्त्यावर काढली तर पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रेलर लावलेला. ओव्हरटेकला जागा नाही. म्हटलं चला, हीच परीक्षा. सांगलीपर्यंत त्याच्या मागं पहिल्या गिअरमध्ये. काटा जागचा हलला नाही. क्लचवरून पाय काढला तरी म्हैस चालावी तशी आपल्या चालीनं चालत राहिली, ना धक्का ना कुरकुर. मी स्टेअरिंगवर हात ठेवून नुसता बसलो होतो. इतकी वर्षं गाड्या चालवल्या, पण असा सुखात कधी बसलो नव्हतो.

मंगलनं पुन्हा पटका बांधला. या वेळी मी विरोध केला नाही. पटका आणि छत यांच्यामध्ये दोन बोटं जागा उरली. सूरज म्हणाला, त्या काळी साहेबलोक हॅट घालून बसायचे, म्हणून टप उंच. साहेबाची हॅट काय आणि धनगराचा पटका काय, गाडीला सारखंच.

डॉज घेतली. निर्णय माझा आहे, इंजिन बघून केलेला. पटक्याचा त्यात काही संबंध नाही.

किल्ली देताना पद्मावतीबाई म्हणाल्या, "एकच सांगते. पुढचं ते मुंडकं बदलू नका. वडिलांनी शेवटपर्यंत बदलू दिलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही." मी मान डोलावली. सूरजनं मागवलेलं नवं मुंडकं तेव्हा डिकीत फडक्यात गुंडाळलेलं होतं. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी बसवून टाकू, असा विचार आहे. तुटक्या शिंगाची गाडी पोरीच्या स्वागताला बरी दिसत नाही.

८ मार्च. चेन्नई

सृष्टीच्या खांद्यावर एका बाजूचे स्टार मी लावले, दुसऱ्या बाजूचे मंगलनं. नंतर मी सॅल्यूट ठोकला. लेफ्टनंटसाहेबांनी सॅल्यूट घेतला आणि मग गळ्यात पडून रडल्या.

यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

१५ मार्च. सातारा

गाडीला पॉलिश झालं. काळ्या रंगात आता आपलं तोंड दिसतं. नवं मुंडकं बसवायला पाना घेतला तर मंगल मधे येऊन उभी राहिली. "त्या बाईला शबुद दिलाय न्हवं?" म्हटलं, "मान डोलावली होती फक्त." ती हलली नाही. पाना ठेवून दिला. मुंडकं तसंच, एका शिंगाचं.

बाजारातून एडकाही घेतलाय. दांडगा आहे, शिंगांचे दोन दोन वेढे. उद्या टेंपोतून मागून येईल. आता आबांना नाव ठेवायला जागा नाही.

१६ मार्च, रविवार. वाडी

सगळं नीट, क्रमानं लिहायचं ठरवलंय. जमेल असं वाटत नाही.

आटपाडीच्या पुढं सृष्टी म्हणाली, "बाबा, इथून मी चालवते." वर्दीत होती. मी मागच्या सीटवर गेलो, मंगलच्या शेजारी. वेशीजवळ गजीढोल आधीच सुरू होते. सगळी वाडी जमली होती, आणि सगळ्यांच्या पुढं, रस्त्याच्या मधोमध आबा. पटका नवा, खांद्यावर घोंगडं, उजवी मूठ आवळलेली.

वाटलं, पोरीला अडवायला उभे आहेत. पटकन उतरून पुढं गेलो आणि म्हटलं, "आबा, एडका आणलाय. मागं टेंपोत आहे, चांगला मोठा."

आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ गाडीच्या तोंडाशी गेले. बोनेटवरच्या त्या मुंडक्यावर हात ठेवला, मेंढराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"कुटं हुतास रं एवढी वरसं?"

मला वाटलं मलाच विचारतायत. "साताऱ्यात," म्हणालो. अख्खी वेस हसली.

मग आबांनी मूठ उघडली. देव्हाऱ्यातला तो वाकडा तुकडा, भंडाऱ्यानं पिवळा झालेला. त्यांनी तो मोडक्या शिंगाच्या जागी टेकवला. बसला. कड कडेला भिडली, केसाएवढी फट राहिली नाही. तेव्हा पहिल्यांदा मी त्या मुंडक्याकडे नीट बघितलं. एडका! डॉजच्या बोनेटवर एडका असतो. महिनाभर मी त्याच्यावर पॉलिश घासलं, त्याला दोष म्हणून धरलं, पाना घेऊन काढायला गेलो. धनगराचा पोर मी!

"मायाप्पाला सोडाय आलती ही एडक्याची गाडी," आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला लागले. "वड्याच्या वाळूत रुतली. समदी मागनं ढकलाय लागली. मी म्होरं हून शिंगाला धरून वढली. शिंग हातात आलं आनि गाडी बी भाईर आली! मी भ्यालो. मायाप्पा म्हनला, ठिव तुज्यापाशी. घरात म्होरला फौजी निगंल, तवा ह्यो एडका त्येला आणाय यील. तवा दे त्येचं त्येला."

आबांनी घोंगड्याचा लोकरीचा दोरा काढून शिंग बांधलं. एडक्याला भंडारा लावला. मग सृष्टीकडे वळले. ती गाडीतून उतरली होती. तिनं खाडकन सॅल्यूट केला. आबांनी तिच्या कपाळावर भंडाऱ्याचा मळवट भरला, टोपी पिवळी झाली तरी थांबले नाहीत. "माजी बाय ती," म्हणाले. "तू गेलीस तवा मी भाईर आलो न्हाई. डोळं ऱ्हात न्हवतं. फौजी निगतानी कुनी रडू नी."

म्हणजे वाघरीत म्हणून बसले होते. आणि मी काय काय समजत होतो!

आबा पुढच्या सीटवर बसले. पटका छताला लागला नाही. मंगलनं माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. मोडक्या शिंगाचं आबांना फोनवर हिनंच सांगितलं असणार. सृष्टीनं पहिला गिअर टाकला आणि डॉज निघाली, ढोलाच्या ठेक्यावर, चालणाऱ्या माणसांच्या मधून. ना धक्का, ना वाफ. बाया घरांवरून भंडारा टाकत होत्या. माझी काळी गाडी देवळापर्यंत पिवळी झाली.

देवळापुढं मी दार उघडायला उतरलो. आबा हलले नाहीत.

"फिरीव गं गाडी. पुन्यांदा वेशीत चल."

"आता काय राहिलं, आबा?" मी विचारलं.

"तू ऱ्हायलास की, मल्हाऱ्या." आबांचा आवाज बसला होता. "तू रिटायर हून आलास तवा म्हनलो न्हवतो व्हय, एडक्याची गाडी आण? तुला बी ह्येच्यातनंच आनायचा हुता रं. तू टेंपू घिऊन आलास."

लोक हसले. मीही हसायला गेलो, जमलं नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की माझ्या फौजेचं आबांना काही नाही. त्या दिवशी ते पंगतीला बसले नव्हते, ते माझ्यावर रागावून नाही, ही गाडी आली नाही म्हणून.

पुन्हा वेस. पुन्हा ढोल. या वेळी पुढं तिघं: स्टेअरिंगवर सृष्टी, मध्ये मी, कडेला आबा. मागून मंगलनं भंडाऱ्याची अख्खी पिशवी माझ्या डोक्यावर रिकामी केली. टेंपोतल्या एडक्याला आबांनी मेंढरांत सोडायला लावलं. आमच्या मागोमाग तोही वाजतगाजत आला होता, म्हणून त्यालाही जरा भंडारा मिळाला.

रस्ताभर आबांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. देवळाच्या वळणावर सृष्टीनं क्लच जरा जास्तच दाबून धरला. एरवी मी ओरडलो असतो, आज आबांच्या हातावर हात ठेवला.